हातातून सुटणारा पट्टा

२ फेब्रुवारी

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, ठीक आहे. पत्र वाजत नाही, म्हणून ते तुला कापताही येणार नाही. लॉन्ड्रीचा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिच्या दारात तासभर ठाण मांडून बसले होते, शेवटी तिला जिना झाडायचा होता.

माफी मागायला लिहीत नाहीये, आधीच सांगते. काम आहे.

दादाने पाहुण्याचं ठरवलंय. अठ्ठावीस तारखेला इंजेक्शन. जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बोलूनही आला. डॉक्टर आधी नाही म्हणाले, धडधाकट कुत्रा आहे, कशाला? मग याने आईचं सांगितलं, तेव्हा तारीख लिहून दिली. "ज्याने आईला पाडलं तो माझ्या दारात नको," म्हणाला. "आणि दुसऱ्याच्या दारात बांधायचा तर तिथे अजून कुणाची आई पडायची." वहिनी भांडी विसळत होती, ती विसळतच राहिली. आई जाऊन आज एक महिना आणि एकोणीस दिवस झाले. या घरात अजून कुणी कुणाला मोठ्याने हाक मारत नाही.

मी दादाला म्हटलं, महिनाभर थांब. मी त्याला चालायला शिकवते. न ओढता, न झेपावता फाटकापासून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला, तर राहू दे. दादा म्हणाला, "ठरलं. अठ्ठावीसपर्यंत कुत्र्याचं शेपूट नळीत घालून बघ तू." मग माझ्याकडे बघत राहिला. "तुला तर तो डोळ्यांसमोर नको होता. आत्ताच काय पुळका आला?"

मी म्हटलं, दुधावर साय आली असेल, बघते.

पुळका वगैरे काही नाही. माझ्या दुकानाच्या मागच्या बोळात बांधलाय तो. बॅगांच्या ढिगाशेजारी. काल एका बाईच्या प्रवासी बॅगेचं चाक चावलंय मेल्याने. तू त्याला चार दिवसांसाठी आणलं होतंस, आईने म्हणून तर नाव ठेवलं, आणि तीन वर्षं झाली. आता तू गेलीस आणि पाहुणा राहिला.

तू त्याला काय काय शिकवलं होतंस तेवढं कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

— ताई

७ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. बरं.

त्याच दवाखान्यातल्या कंपाउंडरबाईंना गाठलं. जाडजूड बाई, पायात रबरी बूट, बोलणं सगळं हुकूम दिल्यासारखं. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं द्यायला तयार झाल्या. बदल्यात त्यांच्या तीन बॅगांच्या चेन मी लावून द्यायच्या. तीनही इतक्या जुन्या, की चेन सोडून बाकी बॅगच बदलावी.

पहिल्या दिवशी म्हणाल्या, "चालवून दाखवा." मी पट्टा दोनदा मुठीवर गुंडाळला आणि निघाले. पाहुण्याने मला पिठाच्या गिरणीपर्यंत नेलं. मी नेलं नाही, त्याने नेलं. खांदा अजून दुखतोय. परत आले तर कंपाउंडरबाई पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या.

"कुत्रा बरा आहे," म्हणाल्या. "शिकवायचं तुम्हाला आहे."

मला राग आला. दुकान टाकून आलेय मी, आणि ही मला शिकवणार! पण ऐकून घेतलं. रीत साधी आहे. पट्टा ताणला गेला की आपण उभं राहायचं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं उभं. तो मागे वळून बघेल, पट्टा सैल होईल, मग पाऊल टाकायचं. सैल असताना शेजारून चालला तर उकडलेल्या अंड्याचा तुकडा. पहिल्या दिवशी आम्ही वीस मिनिटांत अकरा पावलं गेलो. पानवाला, सायकलवाला, वरच्या मजल्यावरची शिक्षिका, सगळे फुकटचा तमाशा बघून गेले.

बाई सारखं एकच म्हणतात. "मूठ ढिली करा. तुम्ही धरून ठेवता म्हणून तो ओढतो." अगं, बावीस वर्षं मी धरून ठेवण्याचंच काम करते. बॅगेचा पट्टा सुटला तर लोक माझ्या नावाने शंख करतात. चौकोन शिवायचा, चौकोनात फुली मारायची, मेणदोरा दुहेरी. माझ्या हातची शिलाई सुटून कुणी परत आलं, असं एकदाही झालेलं नाही. आणि ही म्हणते मूठ ढिली करा.

अंडी संपतात भराभर. वहिनी काही विचारत नाही, पण रोज एक जास्त उकडते.

— ताई

१२ फेब्रुवारी

आज पाहुणा टपालपेटीपर्यंत सैल पट्ट्यावर गेला. येताना मांजर दिसलं तेव्हा एकदा झेपावला, पण मी उभी राहिले आणि तो आपसूक मागे आला. मला उगाच आनंद झाला. मग आनंद झाला म्हणून वाईट वाटलं.

दादा गॅलरीतून बघत होता. मी वर पाहिलं तसा आत गेला.

तू निघालीस तो दिवस मला आठवत राहतो. एक बॅग घेऊन. तिचा पट्टाही मीच शिवलेला. पाहुण्याला नेता येणार नाही, खोलीवर कुत्रा चालत नाही, एवढं तू वहिनीला म्हणालीस. माझ्याशी बोललीच नाहीस. बोलायचं ठेवलं तरी काय होतं मी! आईच्या इस्पितळाच्या व्हरांड्यात, सगळ्या नातेवाइकांदेखत मी जे ओरडले, "तुझ्या कुत्र्याने खाल्लं तिला," ते आता परत घेता येणार नाही. आईच्या खोलीत जायला निघाली होतीस, ती तिथूनच मागे फिरलीस. मग अकराव्या दिवशी न्यूमोनियाने आई गेली, आणि त्या अकरा दिवसांत तू तिला दोनदाच भेटलीस. तेही मी घरी गेले असताना. मला नर्सने सांगितलं.

हे लिहायचं नव्हतं. कामाचं लिहायला बसले होते.

नवीन पट्टा शिवलाय त्याला. जुना कापावा लागला होता.

— ताई

१८ फेब्रुवारी

धाकटे,

एकच विचारायचंय. याचं तरी उत्तर दे.

आज कोपऱ्यावरून परत येताना दुकानासमोर गिऱ्हाईक उभं दिसलं. घाईत मी किल्ल्या काढायला गेले आणि पट्टा हातातून सुटला. रस्त्यावर गाड्या. गेला आता, म्हटलं, दादाच्या इंजेक्शनचं कामच उरलं नाही.

तो गेला नाही. पट्टा जमिनीवर पडल्याचा आवाज झाला आणि पाहुणा जागच्या जागी उभा राहिला. एक पाय वर उचललेला, तो त्याने खाली ठेवला. मग बसला. मान वळवून माझ्याकडे बघत बसला. मी गेले, पट्टा उचलला, तेव्हा उठला.

मला वाटलं योगायोग. बोळात नेऊन पुन्हा सोडला. थांबला. संध्याकाळी भाजीवाल्याच्या गाडीवरून रिकामे क्रेट धडाधड खाली टाकत होते, त्या आवाजाला तो अजून घाबरतो, जीव घेऊन पळायला लागतो. तेव्हाही सोडला. पाचसहा पावलं गेला, पट्टा मागे फरफटला, आणि थांबला. थरथरत होता, पण थांबला.

कंपाउंडरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हे मी नाही शिकवलं. हे आधीचं आहे. कुणीतरी महिनोन्‌महिने घासून घेतलंय त्याच्याकडून."

तू शिकवलंस ना? आईचा उजवा हात अर्धांगाने लुळा पडल्यानंतर शिकवलंस. डावा हात काठीला लागायचा आणि उजव्यात पकड उरली नव्हती, म्हणून. "सुटू दे गं ताई, तो थांबतो," असं तू मला म्हणाली होतीस. मशीनवर होते मी तेव्हा. मला वाटलं, नेहमीसारखं तुझं चाललंय, चलता है, होईल, बघू.

कळव मला. हो किंवा नाही, एवढंच.

— ताई

२१ फेब्रुवारी

धाकटे,

तू कळवायची गरज नाही. मला माहीत आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं किती दिवस? चार पत्रं झाली, आणि चारही पत्रांत मी लपवलं. आता सरळ लिहिते. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

नोव्हेंबरात एका आठवड्यात तीनदा आईच्या हातून पट्टा सुटला. तीच हसत हसत सांगायची, "आज परत सुटला गं, पण पाहुणा शहाणा, उभा राहिला." मी फक्त सुटला एवढंच ऐकलं. वाटलं, एक दिवस कुत्रा गाडीखाली जाईल आणि त्याच्यामागे धावताना ही जाईल. म्हणून मी पट्ट्याच्या टोकाला मनगटात अडकवायची पट्टी शिवली. रुंद, आतून मऊ फोम लावलेली, तिला टोचू नये म्हणून. बक्कल प्रवासी बॅगेचं, दोन बाजूंनी दाबल्याशिवाय न उघडणारं. चौकोन, चौकोनात फुली, मेणदोरा दुहेरी. रोज सकाळी मीच तिच्या उजव्या मनगटाला बांधायचे आणि फिरून आली की मीच सोडायचे. तू सातला कामावर जायचीस, तुला दिसलंच नाही. दादाला दिसलं असेल तरी त्याचं लक्ष नव्हतं.

पहिल्या दिवशी आई म्हणाली, "हे काय बाई, मला बांधतेस की त्याला?" मी म्हटलं, दोघांनाही, दोघंही सारखेच आहात. ती हसली. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला होता, धाकटे. खरंच वाटला होता.

त्या दिवशी क्रेट पडले, तो घाबरून पळाला, आणि आई फाटकाच्या तीन पायऱ्यांवर उभी होती. हातात नुसता पट्टा असता तर सुटला असता. ती जिथल्या तिथे उभी राहिली असती, तो पाच पावलांवर जाऊन बसला असता, आणि संध्याकाळी तिने आपल्याला हसून सांगितलं असतं. पण सुटायला काही ठेवलंच नव्हतं मी. पायऱ्यांवरून खाली आणि मग फरशीवर, चांगली तीन हात ओढली गेली. दुकानातून पहिली मीच पोचले. ताणलेलं बक्कल उघडेना. कातरीने पट्टा कापला. पाहुणा लगेच थांबला. पळालाच नाही तो, तिथेच बसला आणि तिच्याकडे बघत राहिला. लोक यायच्या आत मी मनगटातली पट्टी काढून एप्रनच्या खिशात घातली. का घातली? विचार करून नाही घातली. पण नंतर विचार करूनच ठेवली.

नर्सने मनगटावरचा वळ विचारला. मी म्हटलं, पडताना कठड्याला घासलं असेल.

आणि अजून एक आहे. ते लिहिलं नाही तर हे सगळं लिहून उपयोग नाही. पडल्यावर आईला दुसरा झटका आला, त्यानंतर तिचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती डाव्या हाताने उजवं मनगट पकडून दाखवायला लागली. दादाला, वहिनीला, डॉक्टरांना. सारखं मनगट वर करायची आणि घशातून आवाज काढायची. दादा रडवेला होऊन म्हणाला, "काय हवंय तिला?" मी म्हटलं, "घड्याळ मागतेय." घरून तिचं घड्याळ आणलं आणि मीच तिच्या मनगटावर बांधलं. त्याच मनगटावर. तिने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं. परत कधी मनगट दाखवलं नाही तिने.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी व्हरांड्यात मारल्या. तू खालमानेने निघून गेलीस, कारण तुलाही वाटलं की कुत्रा तुझा, म्हणजे दोष तुझा. दोन महिने तू तेच घेऊन लॉन्ड्रीत चादरी घड्या करत असशील.

तुझा नव्हता. त्याचाही नव्हता.

— ताई

४ मार्च

धाकटे,

अठ्ठावीसला काय झालं ते तुला कळायला हवं.

दादाने कामावरून सुट्टी घेतली होती. पट्टा मी त्याच्या हातात दिला, म्हटलं, तूच चालव. पाहुणा अगदी शहाण्यासारखा गेला. फाटकाच्या पायऱ्या दादाच्या जोडीने उतरला. मांजर होतं, त्याच्याकडे फक्त बघितलं. कोपऱ्यावर ट्रकने हॉर्न मारला, तर दादाच्या पायाला चिकटून उभा राहिला. पूर्ण वेळ पट्टा सैल. पानवाल्याने टाळ्या वाजवल्या. वहिनी दारात उभी राहून डोळे पुसत होती.

दादा परत आला, पट्टा खुंटीला अडकवला आणि म्हणाला, "चांगलं शिकवलंस. चार वाजताची वेळ आहे, मी रिक्षा बोलावतो."

मी म्हटलं, अरे, पण ठरलं होतं आपलं!

"ठरलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं तो ओढेल आणि माझ्या मनावरचं ओझं उतरेल. आता शहाणा झाला म्हणून आई येणारे का परत? आज इतका नीट चालतो, तर तेव्हा का नाही चालला?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. दुकानात, रिव्हेटच्या डब्याखाली.

मी आणलं आणि टेबलावर ठेवलं. पट्टीला कापलेल्या पट्ट्याचा वीतभर तुकडा तसाच होता. तुला लिहिलं ते सगळं सांगितलं, घड्याळासकट. दादा ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने ती पट्टी उचलली, स्वतःच्या उजव्या मनगटाला लावली, बक्कल टक्‌कन बसवलं. मग डाव्या हाताने उघडायला लागला. एका हाताने. उघडेना. बोटं घालून बघितली, टेबलाच्या कडेला दाबून बघितलं, शेवटी दातांनी. दादाची बोटं तुला माहीत आहेत, नळाची चावी हाताने फिरवतो. तरी उघडेना. चांगली पाच मिनिटं तो तेच करत होता आणि आम्ही दोघी बघत होतो. मग वहिनीने पुढे होऊन दोन्ही हातांनी बक्कल दाबलं आणि त्याला सोडवलं.

"कुत्रा राहू दे," एवढंच म्हणाला. वहिनीला म्हणाला, मला नाही.

तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. मी स्वयंपाकघरात आले की ताट घेऊन बाहेर जातो. त्याची हत्यारांची पिशवी मागच्या आठवड्यापासून माझ्याकडे शिवायला होती. काल न्यायला आला, तशीच फाटकी घेऊन गेला. आज बाजारातल्या दुसऱ्या दुकानात दिलीय, वहिनी म्हणाली. शिलाई कच्ची असेल तिथली, पण मी काय बोलणार?

— ताई

१० मार्च

धाकटे,

तुझं कार्ड आलं. साडेतीन ओळी. वीस वेळा वाचल्या, पाठ झाल्या. तळमजल्याची खोली मिळाली, घरमालकीण कुत्र्याला हो म्हणाली, रविवारी अकराला बसस्टँडवर आण. आणि शेवटची अर्धी ओळ, "तू बोलू नकोस."

नाही बोलणार. जे सांगायचं ते इथेच लिहिते.

त्याला अंडं लागतं आता, सवय मी लावली. चाकं दिसली की चावतो, बॅगा उंचावर ठेव. उजव्या बाजूला चालवू नकोस, माझ्यामुळे डावीकडची सवय झालीय. दुपारी वीस मिनिटं बाहेर नेलं नाही तर दाराशी बसून राहतो आणि आपल्यालाच लाज वाटेपर्यंत बघतो. कंपाउंडरबाईंनी निरोप दिलाय की पोरीला सांगा, काम चोख केलंय तिने. मी परवा त्यांची तिसरी चेन लावून दिली.

वहिनीने त्याची चादर धुऊन ठेवलीय. दादा काल बोळात उतरला होता. मी मशीनवर होते, आवाज न करता बसून राहिले. त्याने पाहुण्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग माझ्या दारावरून वर गेला.

बोळ आता रिकामा होईल. जागा बरी मिळेल बॅगांना.

त्याच्यासाठी आणखी एक पट्टा शिवलाय, तोच घालून आणेन. गळ्याकडची कडी पक्की आहे, चौकोन, फुली, दुहेरी दोरा. हाताकडचं टोक नुसतं ठेवलंय. तिथे काहीच शिवलेलं नाही, साधी हातात घालायची कडीसुद्धा नाही. कुणाच्याही हातातून सुटेल असा आहे.

रविवारी तू तिकीट खिडकीजवळ उभी राहा. मी स्टँडच्या फाटकाशीच थांबेन, पुढे येणार नाही, तुझ्या तोंडाकडेही बघणार नाही. तिथून पट्टा सोडून देईन. तो थांबेल आणि वळून माझ्याकडे बघेल, तशी सवयच आहे त्याला. मी त्याला बोलावणार नाही.

तू हाक मार.

— ताई